समान संधी धोरण: छापील नमुना भरून द्यायचा नसेल तर नक्की काय लिहावं?

गोदाकाठ (धागालेखक)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

चाकण पट्ट्यातला सुट्या भागांचा कारखाना. कार्यालय आणि उत्पादन मिळून १४० माणसं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. हे काम माझ्याकडे आलंय. सल्लागारानं दोन पानी नमुना पाठवला. "आमची संस्था कोणताही भेदभाव करत नाही", "सर्वांना समान सन्मान" अशी वाक्यं, खाली सहीची जागा. कंपनीचं नाव बदललं की कुठेही चालेल असा.

माझं मत असं की धोरण वाचून उमेदवाराला कळलं पाहिजे की मुलाखतीला आलो तर दारातून आत कसा येईन, परीक्षा कशी देईन. आणि पर्यवेक्षकाला कळलं पाहिजे की उद्या माणूस रुजू झाला तर आपण काय काय तयार ठेवायचं. नमुन्यात यातलं काहीच नाही.

जाणकारांनी मुद्दे सुचवावेत. इमारत, संगणक, भरती, यंत्रांवरचं काम, बढती, सगळंच. मोघम नको, मापं आणि पद्धती हव्यात.

कलमवाला

नमुना बाजूला ठेवा आणि या कायद्याखालच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतला नियम ८ उघडा. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात काय असावं ते तिथे दिलेलं आहे. सोयीसुविधा, दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांची यादी, निवडीची पद्धत, रुजू झाल्यावरचं आणि बढतीपूर्वीचं प्रशिक्षण, बदली-नेमणुकीत प्राधान्य, विशेष रजा, कंपनीची घरं असतील तर त्यांत प्राधान्य, सहायक साधनं आणि अडथळामुक्त जागा, आणि हे सगळं बघणारा संपर्क अधिकारी. २० पेक्षा कमी माणसं असतील तर सोयीसुविधा लिहिल्या की भागतं. धोरण शक्यतो संकेतस्थळावर लावायचं, नाहीतर आवारात ठळक जागी.

जोडीला कलम २२ ची नोंद: किती दिव्यांग कर्मचारी, कधीपासून, दिव्यांगत्वाचा प्रकार, कामाचं स्वरूप, दिलेल्या सोयी. धोरणाची फाइल सापडते, ही वही सापडत नाही, असं पुष्कळ ठिकाणी असतं. दंड कलम ८९ खाली: पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख.

सातबारा

वाचनखूण साठवली. आमच्या पतसंस्थेलाही हे लागू आहे हे आत्ता कळलं.

कीबोर्डवाली

गोदाकाठ, संगणकाचा भाग मी घेते. 'अंध कर्मचाऱ्यासाठी खास सॉफ्टवेअर देऊ' एवढं लिहून बहुतेक धोरणं थांबतात. सॉफ्टवेअर हा सगळ्यात सोपा भाग आहे. एनव्हीडीए हा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) मोफत आहे, कुठल्याही विंडोज संगणकावर पाच-दहा मिनिटांत बसतो, मराठी वाचतो. जॉज हा दुसरा पडदावाचक विकत घ्यावा लागतो. अडतं ते कार्यालयातल्या बाकीच्या सवयींपाशी.

पहिली अडचण स्कॅन केलेली पीडीएफ. परिपत्रक टाइप होतं, त्याची छापील प्रत निघते, साहेब सही करतात, मग ते पान स्कॅन होऊन मेलवर येतं. पडदावाचकाला तो नुसता फोटो. एक अक्षर वाचता येत नाही. मूळ फाइल टाइप केलेलीच होती, म्हणजे उपाय फुकट आहे: सहीच्या स्कॅनसोबत मूळ वर्ड फाइल जोडा. धोरणात वाक्य असं लिहा की 'प्रत्येक परिपत्रक, वेतनपत्र आणि प्रशिक्षण साहित्य मजकूर निवडता येईल अशा स्वरूपात दिले जाईल.' तपासणी सोपी. माउसनं ओळ निवडून पाहा. निवडली गेली तर वाचता येते.

दुसरी अडचण खास आपली. जुन्या मराठी फाइली श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टांत असतात. त्यांत पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठलेलं असतं रोमन अक्षर किंवा भलतंच चिन्ह. पडदावाचक आत साठलेलं वाचतो, त्यामुळे ऐकू येतो तो अर्थहीन गोंगाट. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, मजकूरच युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) रूपांतरित करावा लागतो. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्या' नीट तपासा, बहुतेक चुका तिथेच होतात. सगळी जुनी कपाटं रूपांतरित करायची गरज नाही. चालू वर्षाचे फॉर्म, सेवानियम आणि पगाराशी संबंधित कागद आधी घ्या.

तिसरी, व्हॉट्सॲपचा ग्रुप. सूचना फलकाचा फोटो काढून टाकतात. पडदावाचक 'चित्र' म्हणून थांबतो. फोटोखाली दोन ओळी टाइप करायला अर्धं मिनिट लागतं.

एक्सेलमध्ये एकत्र केलेले चौकोन टाळा, स्तंभांची नावं पहिल्या ओळीत ठेवा, मध्ये शोभेच्या रिकाम्या ओळी नकोत. 'लाल रंगातले थकित' अशी पद्धत असेल तर शेजारी 'थकित' हा शब्दही लिहा. रंगांधळेपण असलेल्यांनाही तो लागतो, आणि ते आपल्या कार्यालयात कुणाला आहे हे आपल्याला सहसा माहीत नसतं.

पाटावरवंटा

कीबोर्डवाली +१. नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्यापुढे एक साधी चाचणी ठेवा: माउस काढून घ्या आणि फक्त टॅब, बाण आणि एंटर वापरून रजेचा अर्ज भरून दाखवायला सांगा. मध्येच अडकलं तर अंध माणूसही तिथेच अडकणार, आणि हात थरथरत असल्यानं माउस न धरता येणाराही. ही अट खरेदी आदेशात घालायची. सॉफ्टवेअर विकून झाल्यावर ते दुरुस्त करायला कुणी येत नाही.

शिफ्ट_तिसरी

ऑफिसचं ठीक आहे हो. पण धागा कारखान्याचा आहे. प्रेस शॉपमध्ये फोर्कलिफ्ट फिरतात, मागून हॉर्न वाजतो. तिथे कर्णबधिर माणूस उभा केला आणि काही झालं तर जाब कारखाना व्यवस्थापकाला द्यावा लागतो. समान संधी मान्य आहे, पण धोरणात 'उत्पादन विभाग वगळून' असं स्पष्ट लिहावं या मताचा मी आहे.

लालदिवा

शिफ्ट_तिसरी, तुमची काळजी खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. मी सुरक्षेच्या बाजूनं लिहितो.

प्रेस शॉपमधला आवाज ८५-९० डेसिबलच्या पुढे गेला की सगळ्याच कामगारांना कानात बोळे किंवा कानावर मफ घालायला लावतो आपण. म्हणजे हॉर्न आणि भोंगा ऐकू येईल या भरवशावर तिथली सुरक्षा मुळातच उभी राहू शकत नाही. ज्याला ऐकू येतं त्यालाही तिथे ऐकू येत नाही.

प्रेसवर बोटं वाचतात ती जाळीमुळे, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायच्या बटणांमुळे आणि प्रकाशपडद्यामुळे (हात आत गेला की यंत्र थांबवणारे किरण). यातल्या एकालाही कान लागत नाही. फोर्कलिफ्टसाठी: पुढे आणि मागे जमिनीवर निळा ठिपका टाकणारा दिवा, वळणावर बहिर्वक्र आरसा, पायवाट आणि वाहनाची वाट यांच्यामध्ये पिवळा पट्टा नव्हे तर लोखंडी कठडा. आगीच्या भोंग्याला जोडून लुकलुकणारा दिवा. तो फक्त मोठ्या हॉलमध्ये लावून चालत नाही, स्वच्छतागृहात आणि कपडे बदलण्याच्या खोलीतही हवा. माणूस तिथे एकटा असतो आणि भोंगा झाल्यावर त्याला खुणावणारं कुणी नसतं. नेमकी हीच जागा सुटते.

रात्रपाळीत मोकळ्या जागी काम असेल तर थरथरणारा पेजर. आणि बाहेर काढण्याच्या सरावात जोडीदार ठरवताना दर पाळीत दोघं ठरवा, एक नव्हे. ठरलेला एकटा जोडीदार रजेवर असतो त्या दिवशी योजनाच रजेवर जाते.

सरसकट 'उत्पादन वगळून' लिहिलंत तर ते कायद्याच्या कलम ३ पुढे (भेदभावाला मनाई) टिकणं अवघड आहे. तिथे वेगळी वागणूक द्यायची तर हेतू वैध हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. एका कामाचा धोका दाखवता येईल. अख्ख्या विभागाचा नाही.

शिफ्ट_तिसरी

कानावरच्या मफचा मुद्दा पटला. मग असं विचारतो: काम बसतं की नाही हे ठरवायचं कशावर? डॉक्टर 'अनफिट' शिक्का मारून मोकळे होतात.

टाचण

डॉक्टरांच्या हातात कोरा फॉर्म दिला तर ते शरीर तपासतात, काम तपासत नाहीत. त्यांना कामाचा कागद द्यायचा.

केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या पदांच्या यादीत (जानेवारी २०२१ ची) प्रत्येक पदापुढे लागणाऱ्या क्रिया दिल्या आहेत: बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, उचलणं, ओढणं-ढकलणं, गुडघ्यावर बसणं, बोटांनी हाताळणं, वाचणं-लिहिणं, पाहणं, ऐकणं, संवाद. ती यादी सरकारी पदांची आहे, पण पद्धत उचला. तुमच्या प्रत्येक कामासाठी एक पान करा. कुठल्या क्रिया लागतात, किती वेळ, आणि मुख्य म्हणजे त्यातली कुठली गाभ्याची आणि कुठली सवयीची.

उदाहरण म्हणून गुणवत्ता तपासनीस. गाभा: भाग गेजमध्ये (मापाच्या साधनात) घालणं, आकडा वाचणं, नोंद करणं, नापास भाग वेगळा ठेवणं. सवयीचं: उभ्यानं काम करणं, २० किलोचा क्रेट स्वतः उचलणं, नापास माल निघाला की पर्यवेक्षकाला हाक मारणं. बसून काम करता येईल अशा उंचीचं टेबल बसवलं की उभं राहणं गेलं. क्रेट ट्रॉलीवरून आला की उचलणं गेलं. हाक मारण्याऐवजी दिव्याचं बटण. उरलेला गाभा पायानं अधू, कर्णबधिर, ठेंगणी व्यक्ती, सगळे करू शकतात.

मग डॉक्टरांना प्रश्न बदलून विचारायचा: 'फिट का?' नव्हे, 'या पानावरच्या गाभ्याच्या क्रिया कुठल्या सोयीसह करता येतील?' उत्तराची जागा तीन-चार ओळींची ठेवा. शिक्का मारायला चौकोन ठेवूच नका.

जाहिरातही याच पानावरून लिहा. 'दुचाकी परवाना आवश्यक' हे भांडारातल्या मदतनिसाच्या जाहिरातीत कशाला हवं? त्याला कधीतरी बँकेत पाठवायचं असतं म्हणून. 'उत्तम संभाषणकौशल्य' हे सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या यंत्राच्या) चालकाला लागत नाही. ही एकेक ओळ माणसाला अर्ज करण्याआधीच बाहेर काढते, आणि कंपनी सांगते की दिव्यांगांचे अर्जच येत नाहीत.

मुक्काम_पोस्ट_सांगली

शेवटचा परिच्छेद चौकटीत टाकून प्रत्येक कंपनीच्या गेटवर लावावा.

हातवारे

मुलाखतीबद्दल. अर्जातच विचारा: 'मुलाखतीसाठी कोणती सोय हवी?' आणि खाली पर्याय द्या: सांकेतिक भाषेचा दुभाषी, लेखनिक, जादा वेळ, तळमजल्यावरची खोली, मोठा टाइप, इतर. दिव्यांगत्वाचं नाव विचारू नका, सोय विचारा. ज्याला प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही तोही मग उत्तर देऊ शकतो.

दुभाषी मुलाखत घेणाऱ्याच्या शेजारी बसतो, उमेदवाराच्या शेजारी नाही. उमेदवाराला प्रश्न विचारणारा आणि दुभाषी एका नजरेत दिसले पाहिजेत. दोघांच्या पाठीमागे खिडकी नको, उजेडात हात आणि ओठ काळे दिसतात. बोलताना उमेदवाराकडे बघून बोला. 'त्याला विचारा की…' असं दुभाष्याला सांगू नका. तासापेक्षा मोठी बैठक असेल तर दोन दुभाषी लागतात, साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून. एकच बोलावला तर तासाभरानंतर भाषांतर गळायला लागतं आणि उमेदवाराची उत्तरं तुटक वाटतात. गुण मात्र उमेदवाराचे कापले जातात.

आणखी एक. लिहून विचारलं की कर्णबधिर व्यक्तीला सगळं कळतं हा समज चुकीचा आहे. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे. लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या माणसाला 'सदरहू बाबींची पूर्तता न केल्यास' असलं वाक्य परकं असतं. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. खरं तर हे सगळ्याच कामगारांसाठी करायला हवं.

दुभाषी शोधायचे तर मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे चौकशी करा. वाक्-श्रवण दिव्यांगत्वावर काम करणारी ती राष्ट्रीय संस्था आहे. ऑनलाइन दुभाषीही चालतो, पण लॅपटॉप कोपऱ्यात ठेवू नका, मोठ्या पडद्यावर घ्या.

ओळंबा

इमारतीचं बघू. मापं मागितलीत म्हणून मापंच देतो.

प्रवेशाला तीन पायऱ्या, प्रत्येकी १५० मिमी, म्हणजे एकूण चढ ४५० मिमी. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणून लांबी किमान ५.४ मीटर. वर आणि खाली १.५ मीटर सपाट जागा धरली की ८.४ मीटर. समोर तेवढी जागा नसेल तर मध्ये वळण घेऊन दुमडा, पण वळणावरही १.५ बाय १.५ मीटरची सपाट जागा हवी. बांधकाम करणारे जागा नाही म्हणून ३ मीटरात उरकतात. तो उतार १:७ च्या आसपास जातो. त्यावरून स्वतःच्या हातांनी चाकाची खुर्ची चढवता येत नाही आणि उतरताना खुर्ची पुढे पळते. असा उतार बांधून पैसे गेले आणि धोका तेवढा वाढला.

कठडे दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर, ७६० आणि ९०० मिमी, टोकाला ३०० मिमी पुढे आलेले. कडेला ठोकर, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. फरशी चकचकीत ग्रॅनाइट नको. जूनमध्ये चपला ओल्या झाल्या की चालणारेही त्यावर घसरतात. खरबरीत शहाबादी किंवा आगीनं खडबडीत केलेला ग्रॅनाइट वापरा.

दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी. चौकटीची नव्हे, दार उघडल्यावर उरलेली. उंबरठा १२ मिमीपेक्षा उंच नको.

आता स्वच्छतागृह, कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते. आतलं माप साधारण २२०० बाय २००० मिमी, खुर्ची फिरवायला १५०० मिमी व्यासाची मोकळी जागा, भांड्याची बैठक ४५०-४८० मिमी उंचीवर. दार बाहेर उघडणारं किंवा सरकणारं हवं. आत उघडणारं असलं आणि माणूस आत पडला तर त्याच्याच अंगानं दार अडतं. आधाराचे दांडे भिंतीत भक्कम बसवा. पोकळ विटेत साधे स्क्रू मारले तर वजन पडल्यावर दांडा हातात येतो. आपत्कालीन दोरी जमिनीपर्यंत यायला हवी, पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोहोचतो. सफाईवाले ती वर गुंडाळून ठेवतात. आणि पाहायला गेलात तर आत बादल्या, झाडू, फिनेलचे कॅन, बाहेर कुलूप, किल्ली वॉचमनकडे. धोरणात लिहा: 'हे स्वच्छतागृह कुलूपबंद ठेवले जाणार नाही व साठवणुकीसाठी वापरले जाणार नाही.' आणि तपासायचं काम कुणाच्या तरी नावावर टाका.

कलमवाला

ओळंबा यांच्या प्रतिसादाला पुरवणी: ही मापं 'जमल्यास' या सदरात टाकायची वेळ सरत चालली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात केंद्रीय नियमांतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण तो सुलभतेची मानकं शिफारशीच्या पातळीवर आणत होता, आणि कायद्याला ती बंधनकारक हवी होती. नवं बांधकाम करणार असाल तर आत्ताच नीट करा.

सातबारा

जागाच भाड्याची असेल तर? मालक उतार बांधू देत नाही. आणि खर्चाचं काय? लहान संस्थेला हे सगळं झेपतं का?

ओळंबा

भाड्याच्या जागेत घडीचा ॲल्युमिनियमचा उतार एक-दोन पायऱ्यांसाठी चालतो, त्यापेक्षा जास्त चढाला नाही. दुसरा मार्ग म्हणजे ते काम तळमजल्यावर आणणं. टेबल हलवायला मालकाची परवानगी लागत नाही. पुढचा करार करताना 'प्रवेश सुलभ करण्याचे बांधकाम भाडेकरू करू शकेल' हे कलम आधीच घालून घ्या.

कलमवाला

खर्चाबद्दल कायदा अवास्तव नाही. 'वाजवी सोय' याच्या व्याख्येतच म्हटलंय की प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी बोजा पडू नये. पण बोजा त्या विशिष्ट बाबीत दाखवावा लागतो. 'आम्हाला परवडत नाही' हे एक वाक्य पुरत नाही. पडदावाचक मोफत, टाइप केलेलं परिपत्रक मोफत, बदललेली जाहिरात मोफत. यांच्याबाबतीत बोज्याचं कारण देताच येत नाही.

विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग (२०२१) हा निकाल वाचा. त्यात न्यायालयानं सांगितलं की वाजवी सोय ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही आणि ती त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरवायची. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे.

आडवळण

इथे विषय निघालाच आहे तर, बनावट प्रमाणपत्रांचं काय? महाराष्ट्रात त्यावरून एवढं रान उठलं. सोयी वाढवल्या की खोटे अर्जही वाढतील.

टाचण

आडवळण, पडताळणीची सोय आहे. यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) क्रमांक घ्या आणि संकेतस्थळावर तपासा. शंका असेल तर ज्या रुग्णालयानं प्रमाणपत्र दिलं त्याला लेखी विचारा. हे काम मनुष्यबळ विभागातल्या एकाच माणसानं बंद फाइलमध्ये करायचं. सहकाऱ्यांनी 'हा तर चांगला चालतो की' म्हणत निवाडा करायचा नाही. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. सिकलसेल, हिमोफिलिया, पार्किन्सन, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, यातलं कितीतरी बघून कळत नाही.

आणि पडदावाचक मिळावा म्हणून कुणी खोटं प्रमाणपत्र काढत नाही. गैरप्रकार आरक्षण आणि सवलतींपाशी होतात. आपण बोलतोय ते कामाच्या सोयींबद्दल.

निवांत

मानसिक आजाराचा उल्लेख झाला म्हणून थोडं. इथे साधनं लागत नाहीत, वेळेची लवचीकता लागते. गोळ्यांमुळे सकाळी गुंगी असेल तर पाळी दोन तास उशिरा. फिरत्या पाळ्या बंद, कारण झोपेचं चक्र मोडलं की आजार उलटतो. सूचना लेखी, एका वेळी एक. निदान जाणून घ्यायचा हक्क पर्यवेक्षकाला नाही, त्याला फक्त सोय कळवायची: 'यांना रात्रपाळी देऊ नये.' एवढंच. कारण फाइलमध्ये.

विशेष रजा लिहिताना ती दिवसांपेक्षा तासांत मोजा. उपचार, समुपदेशन, जयपूर फूटची दुरुस्ती, यांना अर्धा दिवस लागतो. अख्खी रजा खर्ची पडली तर वर्षाअखेरीस माणसाकडे आजारपणाला रजा उरत नाही.

पाटावरवंटा

पगारपत्रकातलं कुणी बोललं नाही. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा जास्त कायम दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला व्यवसाय कर माफ आहे. पगाराचं सॉफ्टवेअर मात्र खूण केली नाही तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापत राहतं. रुजू होतानाच प्रमाणपत्र घेऊन ती खूण करा. ईएसआयची (कामगार राज्य विमा) वेतनमर्यादा इतरांना २१,०००, दिव्यांगांना २५,०००. २३ हजारांचा माणूस मर्यादेबाहेर समजून वगळला जातो. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांगत्वाला ७५ हजार आणि तीव्र दिव्यांगत्वाला सव्वा लाखाची वजावट आहे. तीही त्याला कुणीतरी सांगावी लागते.

शिफ्ट_तिसरी

बढतीचं कुणी घेतलं नाही. माझ्या माहितीप्रमाणे कलम २० मधली बंधनं सरकारी आस्थापनांना आहेत. खासगीत बढती हा मालकाचा अधिकार.

कलमवाला

अर्धं बरोबर. पोटकलम १, २ आणि ४ मध्ये 'शासकीय आस्थापना' असे शब्द आहेत. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर काढायचं नाही, पद खाली आणायचं नाही, हे संरक्षण थेट त्यांच्याच नावानं आहे. पोटकलम ३ मध्ये मात्र 'शासकीय' हा शब्द नाही. तिथे इतकंच आहे की निव्वळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून बढती नाकारायची नाही. शिवाय नियम ८ खासगी आस्थापनेच्या धोरणातही बढतीपूर्व प्रशिक्षण मागतो. एकदा ते लिहून जाहीर केलंत की कर्मचारी त्यावर बोट ठेवू शकतो.

टाचण

आणि बढती कागदावर नाकारली जात नाही, आधीच वाट बंद होते. पर्यवेक्षक व्हायचं तर अमुक प्रशिक्षण हवं, ते प्रशिक्षण लिफ्ट नसलेल्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर. किंवा चित्रफितीतून, उपशीर्षकांशिवाय. किंवा रोजच्या दहा मिनिटांच्या उभ्या बैठकीत सगळं तोंडी ठरतं आणि कर्णबधिर कर्मचारी त्या वर्तुळात नुसता उभा असतो. मूल्यमापनात मग लिहिलं जातं, 'पुढाकार कमी'.

उपाय: बैठकीचे मुद्दे आधी फळ्यावर, निर्णय नंतर तिथेच लिहून. प्रशिक्षणाची जागा ठरवण्याआधी सहभागींना सोयी विचारायच्या. मूल्यमापनाच्या फॉर्मवर एक रकाना: 'मंजूर सोय या काळात प्रत्यक्ष मिळाली होती का? कोणत्या तारखेपासून?' सोय सहा महिने उशिरा मिळाली असेल तर त्या सहा महिन्यांच्या कामाचे गुण कसे धरणार? हा रकाना असला की पर्यवेक्षक सोय लवकर करून घेतो.

शिफ्ट_तिसरी

हा रकाना आम्ही घेतो. आणि वरचं 'उत्पादन वगळून' मागे घेतो, त्याऐवजी कामानुसार पानं करतो.

गोदाकाठ (धागालेखक)

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंतचा आराखडा असा धरलाय: प्रत्येक कामाचं एक पान, अर्जात सोयीचा प्रश्न, इमारतीची मापं आणि ती कधीपर्यंत होतील त्या तारखा, कागदपत्रांचं स्वरूप, दिवे आणि जोडीदार, तासांतली विशेष रजा, मूल्यमापनाचा रकाना. दोन गोष्टी राहिल्या. हजेरीचं यंत्र अंगठ्याचं आहे, त्याचं काय करावं? आणि संपर्क अधिकारी कुणाला नेमावं?

ओळंबा

बरं झालेल्या कुष्ठरोग्याचे किंवा भाजलेल्या हाताचे ठसे उमटत नाहीत, तिथे कार्ड हवंच. चेहरा ओळखणारं यंत्र घेतलंत तर ते पाच फुटांवर टांगू नका. खुर्चीवर बसलेल्याला आणि ठेंगण्या व्यक्तीला ते दिसतच नाही. १.१ मीटरच्या आसपास, थोडं वर कललेलं बसवा.

टाचण

संपर्क अधिकारी असा नेमा की ज्याला छोटा खर्च स्वतःच्या सहीनं मंजूर करता येतो. निरोप पोहोचवणारा नेमलात तर कीबोर्डवरच्या उठावदार खुणांच्या स्टिकरसाठीही फाइल तीन टेबलं फिरते. सोयीच्या अर्जाला उत्तर किती दिवसांत, हे आकड्यात लिहा, आणि नकार दिला तर कारण व पर्यायी सोय लेखी. धोरणात नावाऐवजी पद, दूरध्वनी आणि मेल लिहा. मेलही पदाच्या नावानं, म्हणजे माणूस सोडून गेला तरी पत्ता तोच राहतो. आणि कर्मचाऱ्यांत कुणी दिव्यांग असतील तर मसुदा त्यांना आधी वाचायला द्या.

कलमवाला

प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. आयुक्तालय पुण्यातच आहे, तुम्हाला सोपं. पोच घेऊन ठेवा. मसुदा आणि नंतर केलेले बदलही तारखेसह जपून ठेवा. आणि जी प्रत द्याल ती स्कॅन न करता.

कीबोर्डवाली

युनिकोडमध्ये!